बिनपाट्याचा वरवंटा

मी वरवंटा बोलतोय. पाटा कुठं आहे ते विचारू नका, तो कधीच बुडाला. उजनी धरणाचं पाणी गावात शिरलं तेव्हा बजाबाई नवी नवरी होती. पाटा काही तिला उचलेना, म्हणून तिनं मला एकट्याला ओटीत घेतलं आणि निघाली. तेव्हापासून मी बिनपाट्याचा. एकटं राहिलेल्या माणसाला लोक निदान चहा तरी विचारतात, मला कुणी तेवढंही विचारलं नाही.

मी काळ्या दगडाचा आहे. गोडगोड बोलणं मला जमत नाही, आणि ज्यांच्यात मी जन्म काढला त्यांनाही ते फारसं जमलं नाही.

एक मात्र सांगतो, आमच्याकडं बारशाला वरवंट्याचा मोठा मान. त्याला धुऊन कुंकू लावतात, बाळासारखी कुंची घालतात आणि 'गोप्या घ्या' म्हणत पाळण्याच्या वरून-खालून या हातातून त्या हातात देतात. मग बाळाच्या पायाशी ठेवतात. तो बाळाचा भाऊ. बाळ दगडासारखं टिकावं, एवढीच त्यामागची इच्छा. बजाबाईचा एकुलता एक लेक रामहरी, त्याच्या पायाशी मी असाच निजलो होतो. त्यानं पहिल्याच दिवशी मला लाथ मारली. भावाभावांत तेवढं चालायचंच.

रामहरी मोठा झाला, सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या मागावर कामाला लागला. कारखाना बंद पडला तसा बायकोला, विजयमालाला घेऊन परत आला. येताना डाग पडलेल्या चादरींचं गाठोडं आणलं होतं. त्या चादरी जोडून त्यानं बापाच्या जुन्या होडीला शीड शिवलं. गाव पाण्यात, आणि काठावर आमची म्हणावी अशी हातभर जागा नाही. म्हणून चूल, अंथरूण, जाळी, भांडण, सगळं होडीतच. वारा सुटला की शिडाच्या चादरींवरचे मोर फुगायचे आणि मासे बघायला आलेली पोरं टाळ्या पिटायची.

होडीत राहणाऱ्यांना रागावून बाहेर निघून जाता येत नाही. बजाबाईची जीभ दिवसभर सुनेच्या मागं लागलेली असायची. चिलापी माशाचं कालवण पातळ झालं तरी बोलणं, घट्ट झालं तरी बोलणं, आणि शेवटी गाडी यायची ती मूल होत नाही यावर. मग एकदाची मुलगी झाली. आरोही.

बारसं होडीतच झालं. विजयमालानं मला स्वतः फळीखालून काढलं, घासून धुतलं, पदरानं पुसलं. बजाबाईनं मला तिच्या हातातून ओढून घेतलं.

"पोरीला कशाला गोप्या? ठिव तितं. नातू झाल्यावर काढू."

जमलेल्या बायका हसल्या. एक जण "व्हय की" म्हणाली. मी परत फळीखाली गेलो, कांद्यांच्या शेजारी.

उन्हाळ्यात आरोहीला ताप भरला. माढ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. धरणाचं पाणी उतरून गाळ उघडा पडला होता. तिथं एका वाळलेल्या बाभळीच्या बुडाशी रामहरीनं तिला पुरलं. बजाबाई होडीतून खाली उतरलीसुद्धा नाही. "पोरीच्या जातीला एवढं कुणी रडत न्हाई," म्हणाली आणि चुलीवरची भाकरी उलटली. पावसाळ्यात धरण भरलं, ती जागा पाण्याखाली गेली, बाभळीचा नुसता शेंडा वर राहिला.

मी पायाशी असतो तर पोर वाचलं असतं, असं मी म्हणत नाही. मी दगड आहे, औषध नाही. पण विजयमालाच्या काळजात ते रुतून बसलं, आणि मला त्याचं नवल वाटत नाही.

या हिवाळ्यात रामहरीनं ठरवलं, फ्लेमिंगो बघायला येणारी शहरातली माणसं होडीतून फिरवायची. त्यांच्यासाठी नारिंगी जाकिटं आली. ती ठेवायला जागा हवी, म्हणून विजयमालानं एक दिवस सगळ्या फळ्या उचकटल्या. तिला परत दिवस गेले होते. पोट सांभाळत ती वाकली आणि आतलं एकेक बाहेर काढू लागली. फाटकी जाळी, कुजके कांदे, बिनदांड्याचा कुकर, वाळलेल्या खवल्यांचा थर. ठेवायचं एका बाजूला, भंगारचं दुसऱ्या बाजूला. पिठाचे डबे कोरड्या जागी मागं लावले, जाळी पुढं, जड सामान मध्ये. बजाबाईचं गाठोडं तिनं उचलून पायरीच्या फळीशी टाकलं, जिथं सगळे ओले पाय देतात. म्हातारी धुसफुसली, पण मोतीबिंदूनं डोळे गेलेले, गाठोडं कुठं गेलं तेही तिला नीट दिसेना.

गाठोडं जिथून उचललं, तिथं मागं मी होतो. हिरव्या खणाच्या, जरीच्या काठाच्या नव्या कोऱ्या कुंचीत.

"ही कवा शिवून घेतली, आत्या?"

"दिवाळीला. आता नातवाचं बारसं आलं. गोप्याला नवी कुंची नगं व्हय?"

विजयमालानं मला मांडीवर घेतलं. कुंचीच्या जरीच्या काठावरून बोट फिरवलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "आन् पोरगी झाली तर?"

म्हातारीला अजून वेळ होता. एक शब्द बरा बोलली असती तर मी आज होडीतच असतो. पण तिनं दोन्ही कानांना हात लावले.

"तसलं अभद्र बोलू नगंस बाई. एक गेली, पीडा टळली."

विजयमाला ओरडली नाही. तिनं माझी कुंची काढली आणि स्टोव्ह पुसायच्या फडक्यांत टाकली. नवऱ्याला म्हणाली, "होडी बाभळीकडं घ्या." रामहरीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मुकाट्यानं शीड वळवलं.

बजाबाईला उमगलं तेव्हा बाभळीचा शेंडा होडीला घासत होता. "अगं विजे, गोप्या हाय त्यो! बाळाला काय झालं मंजी? तुझ्या पाया पडते!" आणि खरंच पडली. खवल्यांनी भरलेल्या फळ्यांवर, कपाळ टेकून. रामहरी दुसरीकडं बघत राहिला. एवढ्या वर्षांत म्हातारी कुणापुढं वाकलेली मी पाहिली नव्हती. मला बरं वाटलं. लपवून काय करू?

"ह्यो आरोहीचा भाऊ हाय," विजयमाला म्हणाली. "तिचा तिला देते."

तिनं मला दोन्ही हातांनी पाण्यावर धरलं. "गोप्या घ्या," म्हणाली आणि सोडलं.

आता उन्हाळा आला आहे. पाणी मागं सरलंय, आणि मी बाभळीच्या मुळाशी ओल्या गाळात पडलोय. विजयमालाचे दिवस भरत आलेत. बजाबाई रोज सकाळी काठी घेऊन गाळात उतरते आणि मला शोधते. गुडघ्याएवढ्या चिखलात पाय ओढत चालते, काठी टोचते, दगड लागला की दोन्ही हातांनी उकरते, चाचपते, टाकून देते. विजयमाला होडीच्या काठावर बसून बघते.

"हितं का गं?" म्हातारी माझ्यापासून दोन पावलांवर उभी राहून विचारते.

"न्हाय आत्या. लई पुढं. त्या पल्याडच्या बाभळीपशी."

आणि जिनं जन्मात सुनेचं कधी ऐकलं नाही, ती बजाबाई निमूटपणे तिकडं वळते.

तुमच्यापैकी कुणी या बाजूला आलात, तर तिला माझी जागा सांगू नका. तुम्हाला मी दिसलोच तर वर काढू नका. मला आयुष्यात एकच बहीण मिळाली, तीही उशिरा. बजाबाई उद्या परत येईल. तिला एवढंच सांगा, या बाभळीपाशी काठी टोचू नकोस, इथं तुझी नात झोपली आहे.