दार ऐकणारा माणूस

"पुन्हा नाही!" व्यासराजांनी वॉशिंग मशीनचा प्लग ओढला आणि मशीनकडे पाहिलं. चांगल्या घरातला मुलगा गणितात नापास झाला की मास्तर पाहतात तसं.

"काय नाही?" अंबुजाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. उत्तर आलं नाही. तेव्हा त्या हात पुसत आल्या, नवऱ्याच्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि तोच प्रश्न पुन्हा, जरा सावकाश विचारला.

"लॉक. धरत नाही अजून."

"मज तर वाटलं—"

"तुज नाही कळायचं, अंबुजा. दार हा माझा विषय अहे."

हे मात्र खोटं नव्हतं. कोणाचा विषय वेदान्त असतो, कोणाचा इन्कमटॅक्स. व्यासराजांचा दार होता. आधी बसबॉडीच्या कारखान्यात आणि मग ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात त्यांनी हयातभर एकच काम केलं: नव्या गाडीचं दार लावायचं, डोळे मिटायचे आणि आवाज ऐकायचा. चांगलं दार 'थप्' वाजतं. वाईट दार 'ठण्' वाजतं. या दोहोंच्या मधे जे सतराशेसाठ आवाज येतात त्यांवर व्यासराजांचं घर चाललं, मुलीचं लग्न झालं आणि तिरुवल्लिकेणीत देवळामागच्या गल्लीत दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. पिवळ्या खडूने त्यांनी एकदा दारावर फुली मारली की ती पुसण्याची मॅनेजरचीही छाती नव्हती. एकदा कारखान्यातल्या नव्या यंत्राने हिरवा दिवा लावून पास केलेलं दार त्यांनी नापास केलं. उघडून पाहिलं तर आतलं रबर बसवायलाच विसरले होते. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही दिव्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी ही गोष्ट गल्लीत कोणाला ऐकायची राहिली नव्हती. आणि गेल्या आठवड्यापासून तिला पुरवणी जोडली गेली होती. तरुण नावाच्या जुन्या मदतनिसाचा फोन आला होता. हा एकेकाळी व्यासराजांच्या हाताखाली खडूचा डबा धरायचा. आता मॅनेजर झाला होता. नव्या ट्रकच्या दाराचा आवाज काही केल्या जमत नाही, कम्प्युटर हो म्हणतो आणि गिऱ्हाईक नको म्हणतं, तेव्हा "सर, तुमचा कान पाहिजे." सोमवारी घरी गाडी येणार होती. आज शनिवार होता. कॉफीपूडवाल्यापासून देवळातल्या अर्चकांपर्यंत सगळ्यांना हे कळलेलं होतं, कारण व्यासराजांनी ते सगळ्यांना जातीने जाऊन सांगितलं होतं.

सोमवारसाठी कारखान्याचा जुना निळा शर्ट ट्रंकेतून निघाला. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता, म्हणून सकाळी तो मशीनमधे गेला आणि नेमकं तेव्हाच मशीनचं दार लागेना. पॅनेलवर दाराचं चित्र लुकलुकू लागलं.

कंपनीच्या माणसाला बोलावण्याची सूचना व्यासराजांनी हसण्यावारी नेली. प्लग काढला, कपडे बाहेर काढले, दाराचा आकडा ज्या खाचेत जाऊन बसतो त्या खाचेत टॉर्च मारली. आत काहीतरी चमकलं. बायकोच्या अंबाड्यातली पिन न विचारता उपसून त्यांनी ते टोकरून काढलं. ब्लाउजचा हूक होता. कॉफी निवायच्या आत रोगाचं निदान आणि शस्त्रक्रिया दोन्ही झाली होती.

"तुझा हूक," ते म्हणाले, "पुरावा म्हणून ठेवितों."

मग चाचणी. या मशीनचं असं होतं की दार लावून बटण दाबलं की ते क्षणभर विचार करी, आणि मग आत लॉक पडे: टक्. व्यासराजांनी रिकाम्या मशीनचं दार लावलं, बटण दाबलं, डोळे मिटले आणि कान पुढे केला. विचार करण्याचा क्षण गेला. आणखी एक क्षण गेला. टक् आलं नाही. फुकट पाणी भरायला नको म्हणून त्यांनी प्लग ओढला आणि डोकं शांत करायला गॅलरीत गेले. परत येऊन दार उघडलं, आकडा स्क्रूड्रायव्हरने केसभर पुढे घेतला आणि पुन्हा बटण दाबलं. टक् नाही. आकडा मागे घेतला. नाही. खाचेत खोबरेल तेलाचा थेंब सोडला आणि बटण दाबलं.

"पडलं कीं!" अंबुजाबाई आतून ओरडल्या.

व्यासराजांनी प्लग ओढला.

असं दुपारपर्यंत चाललं. अधेमधे अंबुजाबाई येऊन जात.

"अहो, कुलपाचा दिवा तर लागतो अहे."

"दिव्यानें काम झालं असतं तर कारखान्याने मज पगार कशास दिला?"

"मग ओढून तरी बघा दार."

"ओढून बघतो तो वॉचमन," व्यासराज म्हणाले. "इन्स्पेक्टर ऐकतो."

"सरी सरी, ऐका," असं म्हणून त्या रस्सम ढवळायला गेल्या. पण तेव्हापासून त्यांच्या हालचालीत काहीतरी कमी झालं. डाव आपटायचा तो त्या हळू ठेवू लागल्या.

जेवण झालं. पान झालं. व्यासराजांनी निकाल दिला: लॉक आतून गेलं, नवं घालावं लागेल, हल्लीचा मालच हलका. निळा शर्ट हाताने धुवायचा.

 अंबुजाबाईंनी कपड्यांची बादली उचलली, शर्टासकट सगळे कपडे मशीनमधे कोंबले, दार लावलं, बटण दाबलं आणि प्लगपाशी पाठ टेकून उभ्या राहिल्या. व्यासराज सवयीने पुढे झाले. अंबुजाबाईंनी हात आडवा धरला.

"थांबा."

काचेमागे पाणी आलं. निळी बाही एकदा वर आली, पालथी झाली, खाली गेली. ड्रम फिरू लागला.

व्यासराज पाहत राहिले.

"केव्हां लागलं हे?"

"सकाळींच. हूक काढलात तेव्हांच लागलं." त्या समोर तोंड करून, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. गेली दोन वर्षं त्या अशाच बोलत. वयाने बायकोचे उच्चार सुधारले असंच व्यासराज समजत आले होते.

"मग टक् कां नाही झालं?"

"झालं."

"एकदां?"

"दर वेळीं झालं, अहो."

 व्यासराज गॅलरीत गेले. तिरुवल्लिकेणी अलीकडे फार शांत झाली, असं त्यांचं मत होतं. त्याचं श्रेय ते महापालिकेला देत. पालेभाजीवाली बाई पूर्वी 'कीरै, कीरै' अशी बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकायची, ती बहुधा गावी गेली असावी. ऑटोवाल्यांनाही शिस्त लागली होती.

खाली पालेभाजीवाली उभी होती. डोक्यावर टोपली होती. मान ताणलेली, गळ्याच्या शिरा टरारलेल्या आणि तोंड असं उघडलेलं की आतल्या सोन्याच्या दातासकट सगळं दिसावं. समोरच्या घरातली म्हातारी कानांवर हात ठेवून तिला काहीतरी बोलत होती. पंखा फिरल्यासारखं, बिनआवाजाचं, दोघींचं चाललं होतं.

"ही रोज येते?" त्यांनी मागे न वळता विचारलं. मग आठवून वळले.

अंबुजाबाईंनी मान हलवली. "रोज. कालची कीरैची भाजी तिचीच."

तेवढ्यात फोन आला. तरुणच होता. व्यासराजांनी रीतीप्रमाणे स्पीकर लावला. तुजही ऐकूं यावं म्हणून, असं ते बायकोला सांगत. आणि तरुण फार पुटपुटतो म्हणून अंबुजाबाई त्याचं बोलणं मोठ्याने पुन्हा सांगत. इतके दिवस तिघांनाही हे सोयीचं होतं.

"सोमवारीं गाडी लवकर धाडतों म्हणतो," अंबुजाबाई म्हणाल्या. "नाश्ता तिकडेच म्हणतो."

व्यासराजांनी फोन तोंडाजवळ नेला. पाठ सरळ केली. नापास दार मॅनेजरला कळवताना त्यांचा आवाज जसा व्हायचा तसाच आताही होता, ना खाली ना वर.

"तरुण, आज चेकिंगमधें एक माल रिजेक्ट निघाला."

"कोणता, विचारतो," अंबुजाबाई म्हणाल्या.

"मी. कान गेला माझा. गाडी धाडूं नको."

फोन हातात तसाच होता. व्यासराजांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला अजून."

"पुटपुटत असेल."

"नाही हो. गप्प अहे."

"मग ऐक म्हणावं," व्यासराज म्हणाले आणि स्वतःच फोनमधे पुढे बोलले. "कम्प्युटर बंद कर. जेवणाच्या सुट्टींत सगळे गेले कीं एकटा जा. दार लाव आणि डोळे मीट. तुज आवाज कळतो, मी बघितलं अहे. खडू तूच धरायचास, तूच फुली मार. कोणी पुसली तर माझं नांव सांग."

यावर तरुण बरंच काही बोलला. अंबुजाबाईंनी त्यातलं सगळं सांगितलं नाही. "हो म्हणाला," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदराने फोन पुसून ठेवायला आत गेल्या. फोनला काही लागलेलं नव्हतं.

व्यासराजांनी स्टूल ओढलं आणि मशीनसमोर बसले. कपडे फिरत होते, थांबत होते, उलटे फिरत होते. शेवटी ड्रम सुसाट पळाला, मशीन अंगात आल्यासारखं थरथरलं आणि मंदावत थांबलं. धुणं झाल्यावर लॉक सुटायला जरा वेळ लागतो. व्यासराजांनी डोळे मिटले. कान पुढे केला नाही. उजव्या हाताचा पंजा दारावर, कडेशी, आकडा जिथे बसतो तिथे सपाट ठेवला. तळव्याला काचेची ऊब लागत होती.

अंबुजाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कॉफीचे दोन पेले घेऊन थांबल्या. त्यांना 'टक्' स्वच्छ ऐकू आलं. 

व्यासराजांनी डोळे उघडले.

"सुटलं," ते म्हणाले.

"होय?" अंबुजाबाई म्हणाल्या. "मज नाही कळलं."

"तुज कसं कळेल?" व्यासराजांनी दार उघडलं, निळा शर्ट बाहेर काढला, दोन्ही खांद्यांना धरून एकदा झटकला आणि वाळत घालायला स्वतः गॅलरीत घेऊन गेले.