भिकाजीचं नाव कुणी घातलं नाही

गोव्यातल्या पार्से गावात सिद्धीला अजून कोणी डॉक्टर मानत नाही. गळ्यात स्टेथोस्कोप नाही, हातात सुई नाही, मग डॉक्टर कसली? मानसशास्त्रात पीएच.डी. करून ती आता म्हापशाकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आरोग्य मानसशास्त्राचं दोन वर्षांचं पुढचं प्रशिक्षण घेते आहे, हे सांगून सांगून तिची आई थकली. शेवटी "आजारी माणसांशी बोलण्याचं काम" एवढ्यावर तिने निभावून नेलं. त्यावर शेजारीण म्हणाली, नुसतं बोलायला पगार मिळत असेल तर मलाही चिकटवून द्या.

बोलणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सिद्धीच्या त्या लहानशा खोलीत बसून पाहावं. किडनी देणाऱ्या माणसाशी तिथे एकट्याने बोलायचं असतं. हा मनापासून देतो आहे की कोणी द्यायला लावतो आहे, ते शोधायचं आणि लिहून द्यायचं. तोवर ऑपरेशन पुढे सरकत नाही. सिद्धीने आजवर अकरा देणाऱ्यांशी बोलून घेतलं होतं. त्यांतल्या नऊ बायका होत्या. कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची बहीण. घेणारे मात्र झाडून सारे पुरुष.

बारावी आली सुमंगला. डिचोली तालुक्यातल्या मुळगावची, वय चौतीस. नवरा खाणीवरच्या ट्रकच्या अपघातात गेला, तेव्हा कडेवरच्या लेकीला, रेश्माला, घेऊन ती माहेरी परतली. आता रेश्मा सातवीत आहे. सुमंगलाला दोन भाऊ. थोरला गोकुळदास, त्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. धाकटा भिकाजी, बैलाला पुरून उरेल एवढा धडधाकट. गोकुळदासच्या बायकोला साखरेचा आजार, म्हणून ती बाद. आई विमला सत्तरीची, तीही बाद. म्हणून सुमंगला.

आई आणि भिकाजीही तिच्याबरोबर खोलीत शिरत होते. सिद्धीने त्यांना बाहेर बसवलं, तर भिकाजीला ते फारसं रुचलं नाही. घरच्यांत लपवायचं काय असतं, असं तो दोनदा म्हणाला.

"माका कोणी जबरदस्ती करूक नाय. मी माझ्या खुशीन देतंय," सुमंगला बसता बसताच म्हणाली. प्रश्न अजून विचारलाही नव्हता.

सिद्धीने काय विचारलं नाही? झोप लागते का, भीती वाटते का, ऑपरेशननंतर रेश्माकडे कोण पाहील. सगळ्याला फिरून तेच वाक्य. शाळेतली पोर कविता म्हणते तसं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि खरं सांगायचं तर सिद्धी चुकली. जेवणाची वेळ झाली होती, बाहेर माणसं ताटकळत होती. तिने कागदावर "स्वेच्छेने" असं लिहूनही टाकलं.

तिला शिकवणाऱ्या डॉ. सरस्वती पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ. त्यांनी कागद वाचला आणि मेजावर परत सरकवला. म्हणाल्या, खुशी विचारलीस, पण नाही म्हटलं तर उद्या सकाळी तिच्या घरात काय होईल, ते विचारलंस का?

सिद्धीला स्वतःचीच लाज वाटली. तिने दुसऱ्या दिवशी सुमंगलाला पुन्हा बोलावलं आणि तेवढंच विचारलं.

सुमंगलाने दार लागलंय ना ते एकदा वळून पाहिलं. मग हळूहळू बोलू लागली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. महिनाभर घरात कोणी तिच्याशी धड बोललेलं नव्हतं. थोरली वहिनी रेश्माच्या ताटात भाकरी आपटून वाढत होती. भिकाजीने सरळ सांगितलं होतं, इतकी वर्षं दोघींना पोसलं, आता उपयोगी पडली नाहीस तर बोचकं उचल. शिवाय देवाचा प्रसादही, म्हणजे कौल, झालेला. घरची सगळी देवळात गेली, देवाच्या अंगाला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. आईच्या नावाला डावी पडली, वहिनीच्या नावाला डावी, सुमंगलाच्या नावाला उजवी. देवानेच सांगितल्यावर माणसाने काय बोलायचं?

"आणि भिकाजीचं नाव घातलं तेव्हा?" सिद्धीने विचारलं.

सुमंगला तिच्याकडे बघतच राहिली. तिला प्रश्नच कळला नव्हता.

"त्याचा नाव कित्याक घालतीत? तो बापयो मनीस."

पुरुष माणूस, म्हणून! सिद्धीच्या डोक्यात तिडीक गेली. देवाला विचारायला गेले, आणि देवाला उत्तर द्यायला वाटच ठेवली नाही! तीन बायकांची नावं पुढे केली आणि म्हणाले, आता तूच निवड. देवाचा आडोसा घेऊन गळा दाबायची ही रीत कुठल्या पोथीत लिहिली आहे? दान देणं थोर खरंच. बहिणीने भावाला आपल्या पोटातलं काढून दिलं तर तिच्या पाया पडावं. पण दारं बंद करून, लेकराला भाकरी आपटून वाढून जे काढून घेतलं जातं, त्याला दान म्हणायची हिंमत तरी कशी होते यांना?

सुमंगलाच्या चेहऱ्याकडे पाहताना सिद्धीला दिसलं की तिलाही आता काहीतरी कळू लागलं आहे.

"त्याचो रक्तगट पण माझोच," ती स्वतःशीच म्हणाली.

डॉ. सरस्वतींनी मार्ग सुचवला. हॉस्पिटलात तशी पद्धतच असते. घरच्यांना एवढंच कळवायचं की दाता योग्य ठरला नाही. कारण सांगायचं नाही. देणारीवर बोल येत नाही, तिला घरी त्रास होत नाही.

सुमंगलाने नकारार्थी मान हलवली. "तसा लिवू नका, डॉक्टरबाय. माझी किडनी चांगली आसा. मी देवचंय नाय, इतक्याच लिवा."

स्वतःहून देत नाही म्हटलं तर पुढे काय होईल ते सिद्धीने तिला समजावलं. कोणी तिच्या पाठीशी उभं राहणार नाही, हेही सांगितलं. सुमंगलाने फक्त घरच्यांना आत बोलवायला सांगितलं.

विमला खुर्चीवर बसली, भिकाजी दाराशी उभा राहिला. सुमंगलाने पदर नीट केला आणि नाही म्हणून सांगितलं. आधी भिकाजीची तपासणी करा, त्याचं जुळलं नाही तर मग माझ्याकडे या.

विमला रडू लागली. भाऊ मरताना तू बघत बसणार का, असं विचारत राहिली. दोन लेकांची आई ती, पण रडताना तिने दुसऱ्या लेकाकडे एकदाही पाहिलं नाही.

"माका बायल आसा, पोरां आसत," भिकाजी म्हणाला. "माका काय झाला तर त्यांका कोण बगतलो?"

"आणि माझ्या रेश्माक कोण बगतलो?"

भिकाजी जाताना म्हणाला, घरात पाय ठेवू नकोस. त्यावर सुमंगला शांतपणे म्हणाली की घर बापाचं आहे, मी त्याची मुलगी आहे आणि वाटा सोडल्याच्या कागदावर मी सही केलेली नाही. गोव्यात मुलीचा वाटा मुलाएवढाच असतो हे भिकाजीला चांगलं ठाऊक होतं. पोसलं म्हणून इतकी वर्षं ऐकवलं, ते तिच्याच छपराखाली. तो गाडीकडे गेला, मागून विमला गेली. सुमंगला एकटीच डिचोलीच्या बसने घरी परतली.

सिद्धीने नवा कागद लिहिला. त्याखाली तिने स्वतःहून आणखी एक ओळ घातली: रुग्णाच्या सख्ख्या भावाला अद्याप कोणी विचारलेलं नाही, त्याला तपासणीसाठी बोलवावं. तेव्हापासून ती प्रत्येक कुटुंबाला पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं लिहायला लावते. पुष्कळांना राग येतो. येऊ दे.

भिकाजीला तीनदा निरोप गेला. तो आला नाही. गोकुळदास अजून डायलिसिसच्या खाटेवर आहे. पाय सुजले आहेत, बोलताना धाप लागते. मुळगावात लोक आत्तापासूनच कुजबुजत आहेत की बहिणीने भावाचा जीव घेतला. रेश्माला शाळेत पोरी तसं चिडवतात. आणि भिकाजी रोज संध्याकाळी चारचौघांत बसतो, तेव्हा लोक त्याला जवळ बसवून घेतात, त्याच्या पाठीवरून हात फिरवतात आणि बिचाऱ्याला कशी बहीण मिळाली म्हणून हळहळतात.