आसरेचं पाणी

अस्मिताने परातीतल्या पाण्यात करंगळी बुडवली, नाकाजवळ नेली आणि हात ओढणीला पुसला. नळाचे पाणी होते. क्लोरीनचा वास अजून गेला नव्हता.

"हात नाही लावायचा," हिरव्या शर्टातला माणूस म्हणाला. "माता पाण्यात हाय."

माता प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती आणि तिचे पाय परातीत होते. वय पंचविशीच्या आतबाहेर. हिरवे लुगडे, हिरवी चोळी, कपाळभर हळद. मानेवर सैल बुचडा, त्यातून सुटून खांद्यावरून पुढे आलेल्या बटा. बटांच्या टोकांवरून परातीत पाणी ठिबकत होते. पंखा बंद ठेवल्यामुळे तो आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. आल्यापासून तो थांबला नव्हता. पाण्यातून वर आलेल्या आसरेचे केस वाळत नाहीत, असे त्या माणसाने आधीच सांगून ठेवले होते.

आसरा म्हणजे डोहात राहणाऱ्या सात बहिणी, कायमच्या कुमारिका, रागावल्या की बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला धरतात, हे अस्मिताने लहानपणी ऐकले होते. त्यांतली एक कर्वेनगरला, तिसऱ्या मजल्यावर, रिक्षाने येईल असे मात्र कोणी सांगितले नव्हते.

आतल्या खोलीत अस्मिताची धाकटी बहीण सृष्टी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी अजून दोन महिन्यांचीही नव्हती. प्यायलेले दूध ती ओकायची. पुष्कळ मुले ओकतात. पण सृष्टीचा पहिला मुलगा असाच ओकता ओकता गेला होता, आणि त्यानंतर या घरात कोणी धड झोपले नव्हते. परवा आसरेने सांगितले की आईचे दूध आपण बांधले आहे, अमावस्येपर्यंत मुलीला दुधाचा थेंब द्यायचा नाही, फक्त खडीसाखरेचे तीर्थ. कालपासून सृष्टीने छाती ओढणीने करकचून बांधली होती. तिच्या अंगात ताप होता. आल्या आल्या अस्मिताने भाचीच्या टाळूवरून बोट फिरवले, तेव्हा तिथे खळगा लागला, अंगातले पाणी आटल्याची खूण.

"हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं," ती म्हणाली होती.

"पहिल्यालाही नेलं होतं," सृष्टीचे सासरे हिंमतराव म्हणाले. "दवाखान्यातूनच घरी आणलं त्याला. कसं आणलं ते तुम्हीही पाहिलंय, मॅडम."

तिला ते मॅडम म्हणत ते ती कॉलेजात शरीरशास्त्र शिकवते म्हणून, आणि त्यांना ते फारसे आवडत नसे म्हणूनही. सृष्टीचा नवरा संतोष दाराशी उभा होता. तो वडिलांकडे पाहायचा, मग अस्मिताकडे, मग मोबाइलमध्ये. उचलून नेऊ का, असे अस्मिताने डोळ्यांनी विचारले, तेव्हा सृष्टीनेच मुलीला घट्ट धरले.

"ताई, नको. आज माता येणार आहे. तिला विचारू."

म्हणून अस्मिता थांबली होती. तिला एकच गोष्ट करायची होती आणि ती सगळ्यांसमोर करायची होती. ठिबकणे मध्ये मध्ये मंदावत होते. मंदावले की माता डोळे मिटून मान मागे टाकायची, बुचडा पाठीवर दाबला जायचा आणि पुन्हा पाणी सुटायचे. बुचड्यात स्पंज होता. उठायचे, दोन पावले टाकायची, बुचडा उपसायचा आणि तो स्पंज हिंमतरावांच्या हातात द्यायचा. ती माणूस आहे एवढे दिसले की पुरे होते.

"मातेचं म्हणणं असं," हिरवा शर्ट सांगत होता, "की बाळंतीण पोटुशी असताना भर दुपारी नदीच्या पुलावरून गेली. हळदकुंकू टाकलं न्हाई."

"ती रोज त्याच पुलावरून ऑफिसला जायची," अस्मिता म्हणाली. "हळदकुंकवासाठी रोज गाडी थांबवली असती तर वाहतूक पोलिसांचा कोप झाला असता."

"अस्मिता," सृष्टीच्या सासूबाई, द्वारकाबाई, हळूच म्हणाल्या. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. "माय, आता नको."

मातेने मान मागे टाकली. अस्मिता उठली.

तेवढ्यात आत मुलगी रडली.

दिवसभरात ती असे रडली नव्हती. आवाज चिरका आणि लांब होता. संतोषने डोळे मिटून घेतले. आणि स्टुलावरच्या बाईने एकदम खांदे आत ओढले. दोन्ही हात दुमडून तिने छातीवर दाबले, जोराने, जणू कोणी तिला मागून ढकलत होते. हातांच्या कडेने हिरव्या चोळीवर काळपट डाग उमटले. एक डावीकडे, एक उजवीकडे. डाग पसरत गेले आणि खाली ओघळले. केसांचे पाणी तिथे पोचत नव्हते.

अस्मिता उभी होती तिथेच राहिली. तान्ह्या मुलाचे रडणे कानावर पडले की आईच्या मेंदूतून एक संप्रेरक सुटते आणि दुधाला वाट मिळते. मूल स्वतःचेच असावे लागते असे नाही. हे ती दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. मुली वहीत उतरवून घेत. तिने स्वतः ते कधी पाहिले नव्हते.

बाईने वर पाहिले. तिची नजर अस्मिताच्या नजरेला भिडली आणि लगेच खाली गेली.

हिंमतराव पुढे झुकले. "हे काय…"

"पाणी!" द्वारकाबाई ओरडल्या. त्या केव्हा उठल्या ते कोणाला कळले नाही. "आसरेले पाणी सुटलं! बघता काय नुसते? बाहेर व्हा सारे. माणसायनं नाही पाहायचं हे." त्यांनी खांद्यावरची शाल काढून बाईच्या अंगावर टाकली, गळ्याशी नीट ओढून घेतली. "व्हा म्हणते ना! ओटी भरायची हाये तिची. बायकाच पाहिजेत."

"मी तर सेवक…" हिरवा शर्ट म्हणाला.

"सेवक असला तरी माणूसच ना? चाला."

तिघेही बाहेर गेले. द्वारकाबाईंनी दार लावले, कडी घातली आणि अस्मिताला म्हणाल्या, "तांदूळ आणते. तूच भर ओटी. नीट भर." आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

आता स्पंज काढून काय होणार होते? डोळ्यांदेखत दूध आले आणि द्वारकाबाईंनी त्याचे पाणी केले. या घराला काहीही दाखवले तरी त्याचा चमत्कारच होणार होता. ती परातीसमोर गुडघ्यांवर बसली.

"बुचड्यात स्पंज आहे," ती कुजबुजली. "आणि हे दूध आहे. मला सगळं दिसलंय."

शालीखाली बाईचे हात अजून छातीवर दाबलेले होते.

"कुठे आहे तुझं मूल?"

"लोणीला." आवाज मातेचा नव्हता, बारीक होता. "सासूपाशी. सकाळपासनं."

"त्याला कोण पाजतंय?"

"डब्याचं देते ती."

"म्हणजे तुझ्या बाळाला डबा. आणि हिला साखरेचं पाणी."

बाईचे ओठ हलले. "मी न्हाई ठरवलं. बाहेर उभा हाय त्यो माझा दीर. त्यो म्हनला, अमावस्येपातुर धरायचं."

"मुलगी अमावस्येपर्यंत राहणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंतसुद्धा नाही. तिची टाळू बसलीये. हात लावून बघ, तुला कळेल." अस्मिताने बुचड्याकडे हात नेला. "मी हे आत्ता काढते आणि दार उघडते."

"काढा." बाईने मान पुढे केली. "काढा की. बाळंतिणीचा सासरा मला मारंल, दीर घरी नेऊन मारंल. आन् मग? सासरा म्हनंल, ही खोटी निघाली, खरी आसरा अजून रागातच हाय. खरीला शोधाया जातील. पोरीला तवाबी न्हाई पाजायचे. लोकं काय म्हनतात ते मला ठाव हाय, ताई. माझं पोट त्याच्यावर हाय."

अस्मिताचा हात तिथेच राहिला. बोटांवर थंड पाणी ओघळले. या वाक्यात तिला एकही चूक सापडत नव्हती.

"मग तू सांग," ती म्हणाली. "तुझं ऐकतील."

"दीर ऐकतोय दाराशी."

"मला माहीत आहे."

आत मुलीचे रडणे आता बारीक झाले होते. मांजराच्या पिल्लासारखा आवाज, मग एक उचकी, मग नुसता श्वास. मग तोही बाहेर ऐकू येईना. दोघी आतल्या दाराकडे पाहत राहिल्या. स्वयंपाकघरात तांदळाचा डबा ओट्यावर समोरच असायचा. तरी द्वारकाबाई अजून परत आल्या नव्हत्या.

बाई उठली. परातीतून पाय काढून फरशीवर ठेवला आणि ओल्या पावलांनी आत गेली. अस्मिता तिच्या मागे धावली.

सृष्टी पलंगावर होती. मातेला पाहून ती उठायला गेली, पण तिला उठता येईना. बाईने वाकून मुलीच्या डोक्यावर तळवा ठेवला. तळवा तसाच राहिला. मग तिने दाराकडे तोंड केले आणि बाहेर जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा जाड, घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"माझा राग सरला. दूध सोडलं. पाज तिला."

"माता!" बाहेरून दारावर थाप पडली. "माता, अमावस्या…"

"मी बोलले!" ती ओरडली. दारावरची थाप थांबली. "पाज. आत्ता. आन्…"

"डॉक्टर," अस्मिता ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"आन् डागदराकडं ने. आजच. त्याच्या हाताला मी यश देते."

सृष्टीने छातीवरच्या ओढणीची गाठ सोडायला घेतली. गाठ घामाने घट्ट बसली होती, तिला सुटेना. आसरेनेच खाली बसून दातांनी ती सोडली.

पहिल्यांदा मुलीने तोंड लावलेच नाही. सृष्टीने अस्मिताकडे पाहिले, तिचे ओठ पांढरे पडले होते. बाईने मुलीच्या गालावर बोटाने दोनदा टिचकी मारल्यासारखे केले, हनुवटी खाली ओढली. मुलीचा जबडा हलला. थांबला. पुन्हा हलला. मग घोट गेल्याचा आवाज आला, आणि अस्मिताला जाणवले की आपण मघापासून पलंगाचा गज धरून उभ्या आहोत.

दार उघडल्यावर हिंमतराव सरळ आत आले आणि मातेच्या ओल्या पायांवर त्यांनी डोके ठेवले. त्यांचे खांदे हलत होते. संतोष दवाखान्यात फोन लावत होता. हिरव्या शर्टाने नारळ आणि खण पिशवीत कोंबले आणि बाईचे कोपर धरले, देवाला धरावे तसे नव्हे. शाल अंगावर तशीच घेऊन ती गेली. जाताना तिने मागे पाहिले नाही.

"आता तरी पटलं का, मॅडम?" हिंमतरावांनी डोळे पुसत विचारले.

अस्मिता मुलीचा जबडा पाहत होती. गेली चार वर्षे ती सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन अशा लोकांच्या हातचलाख्या उघड करत आली होती. उद्या या इमारतीत, परवा सगळ्या गल्लीत आसरेची गोष्ट होईल. त्या गोष्टीत तिचे नाव साक्षीदार म्हणून असेल.

"मुलीचे कपडे घ्या," ती म्हणाली. "गाडी येईल."

ती पाण्याची बाटली भरायला स्वयंपाकघरात गेली. द्वारकाबाई कपाटाच्या वरच्या फळीवरून स्टीलचा डबा काढत होत्या. ओट्यावर तांदूळ नव्हते, ओटीचे ताटही नव्हते. त्यांनी डबा उघडून पाहिला, झाकण दाबून बसवले आणि तो अस्मिताच्या हातात दिला.

"खाली जाय. रिक्षा निघाली नसन अजून."

"काय आहे यात, मावशी?"

"अळिवाचे लाडू. सृष्टीले दूध उतरावं म्हणून केले होते. इच्यासाठी उद्या दुसरे करीन."

अस्मिता त्यांच्याकडे पाहत राहिली. द्वारकाबाईंनी फडके घेतले आणि स्वयंपाकघराच्या दारापासून फरशीवरची ओली पावले पुसायला सुरुवात केली.

"तिच्याच हातात देजो," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "त्याच्या नाही. अन् तिले सांगजो, असं ओल्या केसानं बसत नको जाऊ. लेकराले सर्दी होते."

आईच्या ओल्या केसांनी मुलाला सर्दी होत नाही. एरवी अस्मिताने ते तिथल्या तिथे सांगितले असते.

"सांगते," ती म्हणाली आणि लिफ्टची वाट न पाहता जिना उतरू लागली.