दुधाचं सांगायचं राहिलं

मी एक म्हातारी शेळी आहे, मित्रांनो. दात झिजलेत, डावा कान फाटलाय आणि दिवसभर उन्हात बसून रवंथ करण्यापलीकडे मला आता काही काम नाही. मजेत आहे. पण एक गोष्ट बोलायची आहे, आणि शेळीला कुणाची भीड नसते.

माझा जन्म चाळीस शेळ्यांच्या कळपात झाला. एका संस्थेने मला बाजारातून विकत घेतलं. शहरातल्या भल्या लोकांनी वर्गणी काढली होती, खेड्यातल्या गरीब घरांना शेळ्या द्यायच्या म्हणून. माझ्या कानात पिवळा बिल्ला ठोकला आणि मला टेम्पोत चढवलं. त्या लोकांचं मन चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे मी त्यांना बोलणार आहे.

मी ज्या घरी उतरले तिथला बाप खाणीत दगड फोडायचा, आई टोपल्या विणायची. एक आजी होती आणि चार वर्षांची एक पोर. इतकी बारीक, की सगळे तिला काडीच म्हणत. चालता चालता मधेच खाली बसायची. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं, हिच्या अंगावर काही चढलं नाही, तर येती थंडी हिला झेपायची नाही.

संस्थेच्या साहेबाने अंगणात उभं राहून अटी वाचल्या. गोठा कोरडा ठेवायचा. लस चुकवायची नाही. शेळी विकायची नाही. पहिलं करडू धडधाकट वाढवून पुढच्या गरजू घरी द्यायचं. ते खंगलं तर शेळी परत जाईल. अशा बारा अटी. आईने अंगठा उठवला, फोटो निघाला, साहेब गेले. मित्रांनो, त्या बारा अटींत दूध हा शब्दच नव्हता.

मी तेव्हा गाभण होते. घरातला एकच कोपरा गळत नव्हता, तो मला मिळाला आणि आजीचं अंथरूण दाराशी गेलं. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्याकडे जावई मुक्कामाला आलाय, फक्त हा पाला खातो एवढंच.

मग मी व्याले. मला लेकच झाली. आईने स्वतःसाठी थेंबभर दूध काढलं नाही, सगळं करडाला सोडलं. माझं दूध करडाला आणि काडीला, दोघांना पुरून उरलं असतं. कास ठणकायची. करडाचं पोट नगाऱ्यासारखं झालं आणि काडी शेजारी बसून नुसती बघायची. एकदा तिने माझ्या कासेला बोट लावून चाटलं, तर आईने तिचा हात मागे ओढला. मारलं नाही. म्हणाली, "आपलं नाही गं ते. पुढच्या घरचं आहे."

मी ओरडले, लाथा झाडल्या. बापाला वाटलं, मला जंत झालेत. त्याने मला कडू पाला चारला.

दोन महिन्यांनी संस्थेतली पाहणीवाली ताई आली. इतकं गुटगुटीत करडू तिने कुठेच पाहिलं नव्हतं. फोटोसाठी तिने ते काडीच्या मांडीवर ठेवलं, तर पोर करडासकट कलंडली. ताईने तिला उचललं आणि तशीच उभी राहिली. हाताला वजनच लागलं नसणार.

"ही दूध पीत नाही का?"

"कुठलं दूध?" आईने विचारलं.

"अहो, शेळीचं."

आजी दारातून बोलली, "ते तुमचं करडू पितंय की. आमच्या पोरीचं नाव कुठंय तुमच्या कागदात?"

ताईने पिशवीतून कागद काढला. वाचला, परत वाचला. मग ती आईसमोर जमिनीवर बसली. "चुकलं आमचं. करडाला लागेल तेवढं ठेवा, बाकी दूध तुमचं. पहिल्या दिवसापासून तुमचंच होतं."

आई उठली. भांडं स्वच्छच होतं, तरी तिने ते घासलं आणि माझ्यापाशी येऊन बसली. तापवलेल्या दुधाचा पहिला घोट घेऊन काडीने तोंड वाकडं केलं. दुधाला म्हणे माझा वास येतो. आजी म्हणाली, "महाराणींना गाईचं हवंय वाटतं." पण महाराणींनी वाटी चाटूनपुसून संपवली. थंडी आली आणि गेली. काडी आज सहावीत आहे आणि मला चरायला नेताना माझ्यापुढे पळते.

देणाऱ्यांनो, अटी तुम्ही खणखणीत वाचता आणि "हे तुमचं" एवढं म्हणताना तुमची जीभ जड होते. गरीब माणूस अडाणी म्हणून गप्प बसत नाही. दिलेलं परत नेलेलं त्याने इतक्यांदा पाहिलंय, की तो हातच लावत नाही. म्हणून द्याल तेव्हा तोंड उघडून सांगा. नाही तर तुमचं दान एका पोराच्या डोळ्यांसमोर करडाच्या पोटात जाईल.

माझी लेक पुढच्या घरी गेली, तो दिवस सांगते आणि थांबते. तीन पोरांना घेऊन दोर वळून जगणारी एक बाई होती, तिच्या अंगणात. मलाही सोबत नेलं होतं. साहेबांनी कागद उघडून घसा खाकरला, तेवढ्यात काडीची आई पुढे झाली आणि करडाची दोरी तिने स्वतः त्या बाईच्या हातात दिली.

"ही मोठी होईल, विईल. तेव्हा दूध तुझं, बाई. तुझ्या पोरांचं. करडाचं पोट भागवून उरेल ते सगळं." मग ती साहेबांकडे वळली. "हं, वाचा आता."