चाळिसाव्याआधीची दाढी

"मान वर कर, दादा," वस्तरा चामड्यावर ओढत शोदी न्हावी म्हणाला. "बकऱ्यालाही गळा दाखवावाच लागतो."

होलमुरोद हसला नाही. अंगणात त्याने घडवलेले मातीचे तंदूर उन्हात वाळत होते. आई जाऊन महिना झाला होता. चाळिसावा दिवस होईपर्यंत मुलाच्या गालाला पातं लागायचं नाही, ही इस्तरावशान शहराची रीत.

मागच्या शुक्रवारी राजधानीच्या, दुशान्बेच्या, बसस्थानकावर स्फोट झाला. कॅमेऱ्यात एक दाढीवाला दिसला. अर्धा चेहरा, खांद्यावर पोतं. ते अंधुक चित्र मोहल्ल्याच्या ग्रुपवर आलं, तेव्हा शेजारच्या मुहारमआपाने त्याखाली सहज लिहिलं की आमच्या होलमुरोदनेही दाढी वाढवलीय, आईच्या दुखवट्याची. मनात पाप नव्हतं. त्या माउलीला शेवटची अंघोळ तिनेच घातली होती. पण शब्द कुंपण ओलांडून गेले. खुजंदमधल्या कुणी ते उचलले, दुखवटा तेवढा गाळला. दुशान्बेच्या कुणी होलमुरोदचा जुना फोटो जोडला, पाठीवर मातीचं पोतं घेतलेला. तंदुरात काय काय लपवता येतं, असं तिसऱ्याने विचारलं. मग हजारो माणसं बोलू लागली. त्यातलं एकही त्याच्या अंगणात कधी आलं नव्हतं. हे त्या दिवशी घरीच होते, असं बायकोने, बिबिसोराने, लिहिलं. बायको दुसरं काय म्हणणार, असं उत्तर आलं.

आता ती कोमट पाणी घेऊन उभी होती. दाढी काढा, जिवंत राहा, एवढंच तिचं म्हणणं होतं. भिंतीपलीकडून मुहारमआपाचा रडवेला आवाज आला. "मी पुसलं रे ते, भाऊ. माझ्याकडचं पुसलं. लोकांकडचं कसं पुसू?"

होलमुरोदने डोळे मिटले. "आईला काय सांगू?"

"सांग, शोदीने फसवलं," न्हावी म्हणाला, आणि पातं गालावर टेकवलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा गुळगुळीत चेहरा फाटकावरून कुणीतरी टिपला. खाली लिहिलं होतं, बघा, खुणा मिटवतोय.

चाळिसाव्याला रीतीप्रमाणे जेवायला येणाऱ्यांसाठी फाटक सताड उघडं ठेवलं. शोदीने पहाटे येऊन गाजरं चिरून दिली आणि मागच्या दाराने गेला. ओशच्या, गाजर-मटणाच्या पुलावाच्या, कढईतून वाफ निघत होती, जेवणाचा दस्तरखान पसरला होता. गल्लीत पावलं वाजत, फाटकाशी मंदावत, पुढे निघून जात. दुपार कलली तसा भाताचा वरचा थर सुकू लागला.

"लावून घेऊ का फाटक?" बिबिसोराने विचारलं.

"आईचा दिवस आहे. राहू दे."

मग एक गाडी थांबली. वर्दीतले दोघे आत आले. होलमुरोदने खांद्यावर पंचा टाकला, तांब्याची झारी उचलली आणि त्यांच्यासमोर वाकला. पाहुण्याच्या हातावर यजमानानेच पाणी घालायचं.

धाकट्या शिपायाचे हात सवयीने पुढे आले. साहेबाने त्याच्याकडे पाहिलं, तसे ते मागे गेले.

धार मातीत पडत राहिली.