निवेदनातली एक ओळ

"सूर अगदी बरोबर लागतायत, ताई," गंधार कीबोर्डवरचा हात उचलत म्हणाला, "पण काहीतरी राहतंय."

"काय राहतंय?" अंबिकेने विचारलं.

गंधार अवघडला. तो कॉलेजात संगीत शिकवायचा आणि कुणाला लागेल असं बोलणं त्याला जमत नसे. सावेडीतल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर तालीम चालली होती. कार्यक्रमाचं नाव होतं 'सोलच्या सम्राज्ञी'. अमेरिकेतल्या ज्या कृष्णवर्णीय बायकांनी लहानपणी चर्चमध्ये गात गात पुढे 'सोल' हा गाण्याचा प्रकार जगभर नेला, त्यांची गाणी, आणि मधे मधे मराठीत त्यांच्या आयुष्याची हकीकत. नगरमध्ये हे ऐकायला कोण येणार, असं गंधारला प्रत्येकाने विचारून झालं होतं. पण तिकिटं बरी खपत होती.

"हे गाणं जिचं सगळं गेलंय अशा बाईचं आहे," गंधार म्हणाला. "रागावू नका ताई. पण गाताना पार्थला जरा डोळ्यांसमोर आणून बघा."

मागे ड्रम जुळवणारा पोरगा थांबला.

"रोजच आणते," अंबिका म्हणाली. "त्यानं काही होत नाही रे. चल, पुन्हा घेऊ."

अंबिका एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स होती. मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे इंग्रजी गाणी तिच्या जिभेवर लहानपणीच बसली होती. लग्नानंतर ती ऑर्केस्ट्रात हिंदी-मराठी गाणी गायला लागली. गणपतीत, हळदीच्या कार्यक्रमात, कुणाच्या साठीशांतीला. ड्युटी सांभाळून जमेल तेवढं. आवाज जाडसर, खालच्या पट्टीतला. तरुणपणी लोक त्या आवाजाला नावं ठेवायचे. गंधारला नेमका तोच हवा होता.

पार्थ तिचा एकुलता एक मुलगा. शहराबाहेरच्या नागापूर एमआयडीसीत कामाला होता. मागच्या दिवाळीच्या आधी कंपनीतून घरी येताना बायपासला टँकरनं त्याच्या गाडीला उडवलं. लोकांनी त्याला जवळच्या दवाखान्यात आणलं, आणि तो नेमका अंबिकेचा दवाखाना होता. ती वरच्या वॉर्डात होती. खाली बोलावलं म्हणून आली. स्ट्रेचरवर कोण आहे ते तिनं पाहिलं, शर्ट कापायला कात्री मागितली आणि दुसऱ्या सिस्टरला शीर सापडेना तेव्हा सलाइनची सुई स्वतः लावली. शेवटी डॉक्टरांनी हात बाजूला घेतले तेव्हा कापसाचे बोळे तिनंच उचलले. नंतर सगळे म्हणाले, सिस्टरनी किती धीरानं घेतलं. तो धीर नव्हता. तिच्या आत काहीच हललं नव्हतं, आणि तेव्हापासून हललंच नव्हतं. दहाव्यालाही ती रडली नाही. नणंद कुणाला तरी म्हणाली, नर्सबाईंना सवय असते. तेही अंबिकेनं ऐकलं आणि आलेल्यांना चहा दिला.

गंधारला होकार देताना तिच्या मनात एकच गोष्ट होती. एवढ्या मोठ्या दुःखाची गाणी तोंडून काढली तर कदाचित आतलं काहीतरी सुटेल. तालमी सुरू होऊन बरेच दिवस झाले तरी काही सुटलं नव्हतं.

तालीम संपल्यावर गंधार जिन्यापर्यंत सोबत आला. "ताई, अपूर्वा म्हणत होती, तुमच्या गाण्याआधी निवेदनात पार्थचा उल्लेख करू या का? एकच ओळ. लोकांना ते गाणं जास्त भिडेल."

अपूर्वा कार्यक्रमाची निवेदिका होती, त्याचीच विद्यार्थिनी.

"नको," अंबिका म्हणाली.

"बरं. तुम्ही म्हणाल तसं."

रविवारी दुपारी चारला कार्यक्रम सुरू झाला. सभागृह जवळजवळ भरलं होतं. अंबिकेचा नवरा हेमचंद्र तिसऱ्या रांगेत कडेला बसला होता. तो एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होता. पार्थ गेल्यापासून त्याचे डोळे टीव्हीवरची एखादी जाहिरात बघतानाही भरून यायचे, त्यामुळे तो सहसा कडेची खुर्ची धरायचा.

अंबिकेचं गाणं शेवटून दुसरं होतं. टिकल्यांचा निळा गाऊन घालून ती विंगेत उभी होती. गाऊन भाड्यानं आणलेला, कमरेत सैल, म्हणून मागून पिना लावल्या होत्या. स्टेजवर अपूर्वा बोलत होती. त्या गायिकेचं गरीब लहानपण, मार खाण्यात गेलेलं लग्न, गेलेलं मूल. मग अपूर्वानं आवाज खाली आणला.

"आणि रसिकहो, आज हे गाणं आपल्यासमोर सादर करणार आहे एक आई. आपल्याच नगरची. तिनंही आपला तरुण मुलगा गमावलाय. पार्थ आज आपल्यात नाही, पण त्याच्या आईच्या सुरांतून तो आज..."

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या मोठ्या नव्हत्या, मयताच्या घरी भेटायला गेल्यावर लोक बोलतात तशा दबक्या होत्या. बऱ्याच जणांनी मोबाईल वर धरले. कीबोर्डमागे गंधारनं मान खाली घातली होती.

अंबिका स्टेजवर आली, माइकसमोर उभी राहिली. गंधारनं पहिला स्वर दिला. तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

"जरा एक सांगते," ती म्हणाली. वॉर्डात नातेवाईकांना पथ्य समजावून सांगताना लागायचा तोच तिचा आवाज होता. "माझ्या मुलाचा आणि या गाण्याचा काही संबंध नाही. त्याला माझं गाणं आवडायचं नाही. मी रियाजाला बसले की तो कानात इयरफोन घालायचा. तेव्हा त्याच्यासाठी कुणी वाईट वाटून घेऊ नका. गाणं ज्या बाईचं आहे तिच्यासाठी ऐका."

सभागृहात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. वर धरलेले काही मोबाईल खाली गेले. अपूर्वा विंगेत हातातल्या कागदाची घडी घालत राहिली.

अंबिका गायली. सुरुवात खालून, बोलल्यासारखी. मग आवाज चढत गेला आणि शेवटच्या ओळीला तिनं तो असा सोडला की गंधार साथ द्यायची विसरला. पुढच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ रुमालात तोंड धरून रडत होता. अंबिकेनं त्याच्याकडे पाहिलं, मग दारावरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. आत काही होतंय का, तिनं वाट बघितली. पिना पाठीला टोचत होत्या, तेवढंच कळत होतं.

लोक उठून उभे राहिले.

नंतर मेकअपच्या खोलीत गंधार आला. "ताई, मी तिला ती ओळ काढायला सांगितलं होतं, पण नीट सांगितलं नाही. म्हणजे, मला वाटलं..."

"असू दे," ती म्हणाली. "ह्या पिना काढायला कुणाला तरी पाठव."

बाहेर अजून ऊन होतं. हेमचंद्रनं स्कूटर काढली. प्रेमदान चौकाच्या सिग्नलला तो थांबला आणि मान न वळवता बोलला.

"त्याला खरंच आवडायचं नाही?"

"काय?"

"तुझं गाणं. मला कधी बोलला नाही तो."

सिग्नल सुटला, मागच्या रिक्षानं हॉर्न दिला, स्कूटर पुढे निघाली.

"आवडायचं, अहो," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "रेकॉर्ड करून घ्यायचा. कंपनीत पोरांना ऐकवायचा."

"मग तसं का बोललीस?"

"ते सगळे त्याला घेऊन चालले होते."

हेमचंद्रचे खांदे हलायला लागले. त्यानं स्कूटर बाजूला घेतली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. अंबिका त्याच्या शेजारी बसली. रस्त्यानं जाणारे तिच्या चेहऱ्यावरच्या मेकअपकडे वळून बघत होते. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो शांत होईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली. त्याचा हेवा वाटावा, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं.

सोमवारी तिची सकाळची ड्युटी होती. खिडकीजवळच्या बेडवर रंगुबाई नावाची म्हातारी होती. अकोले तालुक्यातली, भात लावणारी, छातीत पाणी झालेली. मुलगा तिला दाखल करून गावी गेला होता, दोन दिवसांत येतो म्हणून. शेजारच्या बेडवरच्या पेशंटची एक नातेवाईक बाई मोबाईलवर काहीतरी बघत होती. गाणं चालू होतं.

"सिस्टर, ह्या तुमीच ना? गावाकडनं भाचीनं धाडलंय. पोराचं म्हणत्यात ते..."

"आवाज बंद करा," अंबिका म्हणाली. "पेशंट झोपलेत."

बाईनं मोबाईल पदराखाली घेतला.

अंबिकेनं रंगुबाईचं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नाडी मोजून झाली. केसपेपरवर आकडा लिहायचा होता, पण ती तशीच उभी राहिली, मनगट धरून.

रंगुबाईनं डोळे उघडले. "बाई, लई गार हाय तुमचा हात."

"वर पंखा आहे ना, आजी."

"पंख्यानं न्हाई हुत असं," म्हातारी म्हणाली. तिनं सुई न लावलेला दुसरा हात हळूहळू आणून अंबिकेच्या हातावर ठेवला. तळवा खरबरीत होता, तापानं कढत. "ऱ्हाऊ द्या जरा. मला बरं वाटतंय."

कोपऱ्यातल्या बेडवरून कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली. "आले," अंबिका म्हणाली, आणि हात काढून न घेता तशीच उभी राहिली.