दुलुथच्या आजोबांचा सल्ला

रेनो लाहतीने चाळीस डॉलरच्या आतलं यंत्र निवडायला घेतलं, तेव्हा हॅनकॉक गावात छपरांवर कमरेएवढा बर्फ होता. बर्फ वितळला, डास आले, पोरं तळ्यात पोहायला लागली, तरी निवड चालूच होती. या माणसाने घर घेतानाही एवढा विचार केला नव्हता. लग्न करताना तर मुळीच केला नव्हता, असं त्याची बायको व्हर्ना स्वतःच सगळ्यांना सांगायची.

यंत्र म्हणजे अल्ट्रासॉनिक क्लीनर. स्टीलचं लहानसं भांडं, त्यात पाणी. बटण दाबलं की पाण्यात कानाला ऐकू न येणारे बारीक कंप सुटतात आणि आत ठेवलेल्या वस्तूच्या फटीफटीतला मळ बाहेर येतो. रेनोला ते व्हेपसाठी, म्हणजे सिगारेटऐवजी वाफ ओढायच्या साधनासाठी हवं होतं. तीस वर्षं काउंटीचे बर्फ लोटणारे ट्रक दुरुस्त करता करता त्याने सिगारेटी फुंकल्या. चार वर्षांपूर्वी त्या सोडल्या आणि तो वाफ ओढायला लागला. पण नुसती वाफ ओढून गप्प बसेल तर तो रेनो कसला! कॉइलची तार स्वतः वळायची, कापूस स्वतः भरायचा, रस कुठल्या चवीचा आणि किती गरम करायचा यावर तासभर बोलायचं. व्हेपवर बसवून रस भरायच्या अशा त्याच्या बोटभर उंचीच्या नऊ काचेच्या टाक्या होत्या. पेट्रोल पंपावरचे वापरून फेकायचे व्हेप ओढणाऱ्यांकडे तो सुगरणीने पाकिटातल्या सूपकडे बघावं तसा बघायचा.

फेब्रुवारीत डॉक्टरने त्याच्या छातीला नळी लावली, एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि म्हणाला, आता हेही सोडा. रेनोने मान डोलावली. घरी येऊन त्याने जाहीर केलं की दोष वाफेचा नाही, मळलेल्या टाक्यांचा आहे.

व्हर्नाला त्या दिवसापासून वडील आठवायला लागले. ते खाणीत कामाला होते. शेवटची दोन वर्षं ते खुर्चीत बसून झोपले, कारण आडवं झालं की श्वास लागायचा. तिला आपला नवरा म्हातारपणी पलंगावर आडवा झोपलेला हवा होता. याहून मोठी अपेक्षा तिने त्याच्याकडून कधीच सोडून दिली होती.

तर टाक्या मळलेल्या, आणि यंत्र घ्यायचं ठरलं. आता घेतलेलं यंत्र खरोखर चांगलं आहे हे कसं कळणार? आधीचा मळ आणि नंतरची चकाकी यांची तुलना करूनच. म्हणून रेनोने नऊच्या नऊ टाक्या होत्या तशा, चिकट आणि काळपट, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि वर लिहिलं: नमुना, हात लावू नये. धुतल्या तर नमुना बिघडला, वापरल्या तरी बिघडला. तोवर ओढायचं काय? पेट्रोल पंपावरचा व्हेप हातात धरण्यापेक्षा त्याने हात कापून दिला असता. म्हणून आठवड्याभरापुरते निकोटिनचे च्युइंगगम आणले. एका आठवड्याचे तीन झाले, आणि चौथ्या आठवड्यात गमचं पाकीट ट्रकमध्ये सीटखाली पडलं ते पडलंच. रेनो यंत्रांचा अभ्यास करत होता. त्याला आठवण काढायलाही सवड नव्हती.

हे त्याच्या लक्षात आलं नाही, व्हर्नाच्या आलं. तळघराचा जिना तो मध्ये न थांबता चढून आला, त्या दिवशी तिने स्वयंपाकघरातल्या, चर्चने दिलेल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक टिंब काढलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. ताकास तूर लागू दिली नाही. आपण व्हेप सोडलाय हे रेनोला कळलं असतं, तर त्याने तो त्याच संध्याकाळी पुन्हा धरला असता. तेहतीस वर्षांच्या संसारात एवढं तरी कळतंच.

एप्रिलमध्ये तो एका सत्तावीस डॉलरच्या यंत्रावर येऊन ठेपला. उद्या मागवतो, म्हणाला. व्हर्नाने विचारलं, बरं आहे का ते? त्यावर रेनो समजूत घालावी तशा सुरात म्हणाला, "तुला नाही कळायचं गं. तांत्रिक आहे सगळं. कंपसंख्या वगैरे."

व्हर्ना बावीस वर्षं डॉक्टर हॅल्व्हर्सनच्या दातांच्या दवाखान्यात काम करत होती. अवजारं उकळायच्या आधी याच जातीच्या यंत्रात घालून धुवायची, हे तिचं रोजचं काम. बावीस वर्षांत चार यंत्रं तिच्या हाताखाली जुनी झाली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.  पण तिला भांडण जिंकायचं नव्हतं, टिंब चुकू द्यायचं नव्हतं.

रेनोची सगळी चर्चा चालायची ती वाफेचे ढग सोडणाऱ्यांच्या 'उत्तरेचे ढगवाले' या फोनवरच्या गटात. पन्नासेक माणसं, त्यातली सात-आठ हॅनकॉकची, शनिवारी डॅरेल पाकेटच्या व्हेपच्या दुकानात जमणारी. व्हर्नाने जेवणाच्या सुट्टीत फोन काढला, गटात लांबच्या शहरातल्या म्हाताऱ्याचं म्हणून 'दुलुथचे आजोबा' हे नाव घेतलं आणि रेनोच्या त्या सत्तावीस डॉलरच्या यंत्राखाली लिहिलं: "यात कंपबिंप काही नाही, नुसती मोटर घुरघुरते. खात्री करायची तर पाण्यात अॅल्युमिनियमची फॉइल उभी धरा. खरं यंत्र असेल तर दोन मिनिटांत तिला भोकं पडतात."

 मग रेनोनेच लिहिलं, आजोबा, तुम्ही या धंद्यातले दिसता. इतके दिवस कुठे होतात? संध्याकाळी घरी आल्यावर त्याने व्हर्नाला फॉइलची ती परीक्षा साग्रसंगीत समजावून सांगितली. ती परीक्षा ती दर सोमवारी सकाळी घ्यायची. तिने बटाटे सोलता सोलता दोनदा "हो का?" म्हटलं.

तिथून कापूस कोंड्याची गोष्ट सुरू झाली. एका यंत्रात पाणी गरम करायची सोय नव्हती, आजोबांनी ते दाखवून दिलं. दुसरं तीन मिनिटांत आपोआप बंद पडायचं. तिसऱ्याचं भांडं इतकं उथळ की रेनोची सगळ्यात उंच टाकी बुडणार नाही. आजोबा एकही खोटं बोलले नाहीत, हे व्हर्ना मनाशी पुनःपुन्हा घोकायची. पण जूनमध्ये रेनोने एकोणचाळीस डॉलरचं एक यंत्र शोधलं आणि त्यात खोट सापडेना. कंप खरे, पाणी गरम होतंय, भांडं खोल, आत जाळीची टोपलीसुद्धा. व्हर्ना सुट्टीभर फोनकडे बघत बसली, सँडविच तसंच राहिलं. शेवटी तिने लिहिलं: "झाकणाच्या बिजागरीचा विचार केलात का?"

तिला स्वतःचीच लाज वाटली. रेनोने मात्र तीन आठवडे बिजागऱ्यांचा अभ्यास केला. त्या तीन आठवड्यांची एकवीस टिंबं कॅलेंडरवर पडली.

एवढ्यावर भागलं असतं, पण रेनोला गावात मान होता. तो निवडेल तेच आपणही घ्यायचं, असं बाकीच्या सातजणांनी ठरवलं होतं. नमुना शुद्ध राहावा म्हणून त्यांनीही आपापल्या टाक्या आइस्क्रीमच्या डब्यांत बंद केल्या होत्या. शनिवारी दुकानात आठ माणसं जमत, कॉफी पीत, वेलदोड्याचा पाव खात, बिजागऱ्यांवर वाद घालत आणि घरी जात. वाफ कुणाच्याच नाकातून निघत नव्हती.

डॅरेल एक दिवस दवाखान्यात आला. दात दुखत नव्हता, काळीज दुखत होतं. व्हर्नाच्या टेबलावर वाकून तो म्हणाला, "चार महिने झाले, यातल्या एकानेही रसाची बाटली घेतलेली नाही. माझं दुकान म्हणजे बिनभाड्याचं वाचनालय झालंय. आणि तो दुलुथचा म्हातारा, तो मला एकदा भेटायला हवा."

"का? काय करशील?"

"विचारेन, तुझं मी काय वाईट केलंय?"

व्हर्नाने फाइलमध्ये डोकं घातलं. मग त्याने खरी बातमी सांगितली. जुलैत रेनोची साठी होती. सगळ्यांनी मिळून ते एकोणचाळीस डॉलरचं यंत्र मागवलंही होतं. रविवारी दुपारी तुमच्या घरी घेऊन येतो, आणि तुम्ही काही बोलू नका, त्याला धक्का द्यायचाय.  धक्का व्हर्नाला बसून गेला होता. कॅलेंडरवर तेव्हा एकशे अठरा टिंबं होती.

रविवारी माणसं आली ती सात डबे आणि एक खोकं घेऊन. यंत्र स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं. रेनोने बिजागरी सहा वेळा उघडून मिटून पाहिली, पाणी ओतलं, त्यात साबणाचा एकच थेंब सोडला आणि फॉइलची पट्टी पाण्यात उभी धरली. चर्चमध्येही ही मंडळी इतकी गप्प उभी राहिली नव्हती. दोन मिनिटांनी त्याने पट्टी उजेडात धरली. तिला चाळणीसारखी बारीक बारीक भोकं पडली होती.

"आजोबा म्हणाले होते तस्संच," रेनो हळूच म्हणाला.

मग डबे उघडले. पाच महिन्यांचा मळ पाण्यात उतरला, पाणी चहासारखं झालं, बदललं, पुन्हा झालं. टाकी थेट भांड्याच्या तळाशी ठेवायला निघालेल्या एकाला रेनोने दटावलं, टोपलीत ठेव, आजोबांनी बजावलंय. व्हर्ना मांसाचं सारण भरलेल्या पेस्ट्या ओव्हनमध्ये घालत होती आणि काढत होती, आणि त्यातल्या दोन तिने करपवल्या. तेहतीस वर्षांत पेस्टी करपायची ही पहिलीच वेळ. जाताना डॅरेलने व्हॅनिला कस्टर्डच्या चवीची मोठी बाटली टेबलावर ठेवली. "वाढदिवसाची भेट," तो म्हणाला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा हसला.

सगळे गेले. रेनोने नऊ टाक्या खिडकीपाशी पांढऱ्या पंचावर ओळीने मांडल्या. उन्हात त्या अशा चमकत होत्या की डोळे दिपत होते. त्याने बाटलीचं बूच काढलं. एक टाकी उचलली. व्हर्ना सिंककडे तोंड करून उभी राहिली आणि धुतलेलीच बशी पुन्हा धुवायला लागली.  एकशे तेवीस दिवस तिने एकटीने धरून ठेवले होते, आणि आता हातात काही राहिलं नव्हतं.

मागे टाकी भरल्याचा आवाज येईना. तिला राहवेना. "भर ना," ती वळून म्हणाली. "भरायची नाही का?"

रेनोने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने लग्नातल्या कोटाने ट्रक पुसायला सांगितला होता.

"यात? आता?"

"मग कशासाठी धुतल्यास?"

"अगं, पुन्हा घाण होतील की. पाच महिने घातलेत मी यात." त्याने टाकी उजेडात फिरवली, पंचावर जागेवर ठेवली आणि बाटलीचं बूच लावून टाकलं. "यांना काचेचं कपाट लागेल. आत दिवा असलेलं. जास्तीत जास्त साठ डॉलरपर्यंत."

व्हर्ना खुर्चीवर बसली. ज्या यंत्राला तिने इतके महिने दारात उभं राहू दिलं नव्हतं, त्यानेच एका दुपारी काम उरकलं होतं. तिला हसू यायला लागलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही. रेनोचं लक्ष नव्हतं. त्याने फोन घेतला होता. "आजोबांना विचारतो. त्यांना कपाटातलंही कळत असेल."

त्याने अंगठ्याने टपटप लिहिलं आणि पाठवलं. व्हर्नाच्या एप्रनच्या खिशात टिंग झालं.

रेनोने मान वर केली. त्याने नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलं. खिशात पुन्हा टिंग झालं. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि तिच्या खिशाकडे पाहिलं. मग त्याची नजर कॅलेंडरकडे गेली. उठून तो जवळ गेला आणि मार्चपासून एकेका चौकोनावरून त्याने बोट फिरवलं. जुलैपर्यंत यायला त्याला वेळ लागला. ओरडेल असं तिला वाटलं होतं.

"दवाखान्यात आहे तुमच्याकडे असलं यंत्र?" त्याने विचारलं.

"बावीस वर्षं."

"मग सांगायचंस."

"तू कधी विचारलंस?"

 तो परत येऊन बसला. करपलेल्या पेस्टीचा तुकडा मोडून त्याने तोंडात टाकला, सावकाश चावला आणि दीर्घ श्वास घेतला. श्वास आत गेला तो थेट तळापर्यंत, खोकला आला नाही. ते त्यालाही कळलं असावं, कारण त्याने आणखी एकदा तसाच घेऊन पाहिला. फोन पालथाच होता.

"व्हर्ना," तो म्हणाला, "कपाटाला काच कुठली घ्यावी गं?"

तिने डोळे पुसले. उत्तर तिला ठाऊक होतं. दवाखान्यात तेही कपाट होतं, आणि ते तिनेच निवडलं होतं.

"बघावं लागेल," ती म्हणाली. "घाई करू नकोस. चार-पाच महिने नीट बघू."